साळिंदराचे काटे : लिव्हरपूलच्या दानशूरांना टोचणाऱ्या एका संपादकाची केस

आमच्या अभ्यासगटात दर महिन्याला एक केस वाचतो. केस लिहायची म्हटलं की आधी नाव बदला, गाव बदला, "एका तालुक्यातली एक संस्था" असं काहीतरी मोघम लिहा, आणि तरीही वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळतंच कोण ते. या वेळी तो खटाटोप नाही. ज्याची केस आहे तो माणूस १८७९ मध्ये वारला, ज्यांच्यावर तो तुटून पडायचा ती मंडळीही केव्हाच गेली, म्हणून नावगावासकट लिहिते.

माणूस ह्यू शिमिन. गाव इंग्लंडमधलं लिव्हरपूल. काम एका साप्ताहिकाचा संपादक, साप्ताहिकाचं नाव 'पॉर्क्युपाइन', म्हणजे आपलं साळिंदर. आणि प्रकरण असं की ज्या शहराला आपल्या दानतीचा भारी अभिमान होता तिथेच बसून यानं त्या दानतीची टिंगल सुरू केली. आपण सगळे वर्गणी मागणारे लोक, वर्षाअखेरीला देणगीदारांची यादी छापणारे, त्यामुळे वाचताना मला जरा अस्वस्थ झालं, तुम्हालाही होईल.

पार्श्वभूमी

१८०१ मध्ये लिव्हरपूलची वस्ती ७८ हजारांच्या आसपास, १८६१ मध्ये ४ लाख ४४ हजार. साठ वर्षांत साडेपाच पटीहून जास्त. गाव म्हणजे बंदर, आणि बंदर म्हणजे मुख्यतः कापूस. त्याआधी १८०७ पर्यंत गुलामांचा व्यापार, तो कायद्यानं बंद झाल्यावर त्याच गुलामांनी अमेरिकेत पिकवलेला कापूस. लँकशरच्या गिरण्यांना लागणारा माल इथेच उतरायचा, इथेच त्याचे सौदे व्हायचे आणि सौदे करणाऱ्यांच्या हवेल्या इथेच उभ्या राहायच्या.

दानधर्माची परंपराही तितकीच जुनी. ब्लूकोट नावाची गरीब मुलांची शाळा १७०८ ची, काढणाऱ्यांतला एक ब्रायन ब्लंडेल हा जहाजाचा कप्तान, आणि त्याच्या जहाजांवर गुलामांचीही ने-आण झालेली. १७९१ मध्ये अंधांची शाळा निघाली. पुढे इस्पितळं, दवाखाने, खलाशांचं वसतिगृह, अनाथाश्रम, निरनिराळ्या चर्चच्या निरनिराळ्या मदत संस्था. यात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक असा ताणही होता कारण आयर्लंडच्या दुष्काळात एकट्या १८४७ मध्ये तीन लाखांच्या आसपास आयरिश माणसं या बंदरावर उतरली. बरीच पुढे निघून गेली, जी सगळ्यात कंगाल होती ती इथेच राहिली.

आता दुसरी बाजू. १८४० च्या दशकात डॉ. डंकन यांनी मोजणी मांडली होती, साधारण ५५ हजार माणसं 'कोर्टां'मध्ये आणि वर २० हजार तळघरांत राहतात. कोर्ट म्हणजे काय हे नीट समजून घ्या, केसमध्ये ते सारखं येणार आहे. रस्त्याकडेच्या घरांच्या रांगेत एक बोगद्यासारखी अरुंद बोळ, तिच्यातून आत गेलं की एक चिंचोळं अंगण, दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बांधलेली घरं, म्हणजे मागे खिडकी नाहीच, आणि अंगणाच्या एका टोकाला सगळ्यांत मिळून एक-दोन संडास, राखेचा खड्डा आणि एक नळ. मुंबईची चाळ डोळ्यासमोर आणू नका, चाळीला निदान गॅलरी असते. १८४२ च्या सरकारी अहवालात एडविन चॅडविकनं लिव्हरपूलचे आकडे दिलेत, मृत्यूचं सरासरी वय उमरावांकडे ३५, मजुरांकडे १५. (हा १५ चा आकडा लहान मुलं इतकी मरत होती म्हणून, मजूर पंधराव्या वर्षी मरत होते असा अर्थ नाही, पण त्यानं चित्र काही बरं होत नाही.) १८४७ मध्ये याच डंकनला शहरानं आरोग्य अधिकारी नेमलं, ब्रिटनमधला पहिलाच. म्हणजे शहराला परिस्थिती माहीत नव्हती असं म्हणायची सोयच नाही.

शिमिन १८१९ चा. सुरुवात बुकबाइंडरकडे उमेदवारीनं, म्हणजे लोकांची पुस्तकं शिवता शिवता शिकलेला माणूस. दारूबंदीच्या चळवळीतला, स्वतःची सुधारणा स्वतः करावी या मताचा. १८५६-५७ मध्ये 'लिव्हरपूल मर्क्युरी'त त्याची शहराच्या करमणुकीवर लेखमाला आली, गुत्ते, गाण्याचे अड्डे, कुत्र्यांच्या झुंजी, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री या गावच्या घोड्यांच्या शर्यती, हे सगळं स्वतः जाऊन बघून लिहिलेलं. हे 'स्वतः जाऊन' लक्षात ठेवा.

आणखी एक, थोडं कंटाळवाणं पण महत्त्वाचं. वर्तमानपत्रावरचा स्टँप कर १८५५ मध्ये गेला, कागदावरचा १८६१ मध्ये. त्यामुळे १८६० च्या आसपास एखाद्या माणसानं डोकं लावून स्वस्तातलं साप्ताहिक काढणं पहिल्यांदाच परवडायला लागलं होतं. दहा वर्षं आधी हाच माणूस हेच करायला गेला असता तर दिवाळं निघालं असतं.

अडचण नेमकी काय होती

ऑक्टोबर १८६० मध्ये शहरात दोन गोष्टी झाल्या. एक, विल्यम ब्राउन नावाच्या बड्या व्यापाऱ्यानं स्वतःचे ४० हजार पौंडांच्या आसपास घालून सार्वजनिक वाचनालय आणि म्युझियमची इमारत बांधून दिली, तिचं थाटात उद्घाटन झालं. दोन, त्याच महिन्यात 'पॉर्क्युपाइन' निघालं. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला ही जुळणी फार आवडते, शहराचं कौतुक आणि शहराचा काटा एकाच महिन्यात जन्माला आला. (ब्राउनचा पैसा मुख्यतः अमेरिकेशी व्यापाराचा, त्यात कापूस आलाच. तरी वाचनालय खरंच सगळ्यांना खुलं होतं, हेही लिहून ठेवते.)

शिमिनचं म्हणणं काय होतं ते माझ्या शब्दांत सांगते. दान ही फॅशन झाली आहे. गरिबांसाठी नाच ठेवायचे, गरिबांसाठी जेवणावळी घालायच्या, गरिबांसाठी बझार म्हणजे आनंदमेळे भरवायचे, बायकांनी नवे गाऊन शिवून स्टॉलवर उभं राहायचं, आणि शेवटी वर्गणीदारांची नावं रकमेसकट पेपरात छापून यायची. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस या पूर्ण कार्यक्रमात कुठेच दिसत नाही. देणारा त्याच्या गल्लीत कधी गेलेला नाही आणि जाणारही नाही, कारण व्यापारी मंडळी एव्हाना गावठाण सोडून बाहेरच्या उपनगरांत किंवा मर्सी नदीच्या पलीकडे राहायला गेली होती, सकाळी फेरीबोटीनं ऑफिस आणि संध्याकाळी परत. मधल्या वेळात गरिबी दिसायचीच नाही, दिसायचा फक्त पावतीपुस्तक घेऊन दारात आलेला वसुलीवाला.

यात शिफारसचिठ्ठीची भानगड होती. तेव्हाच्या इंग्लंडमधल्या देणग्यांवर चालणाऱ्या बहुतेक इस्पितळांत वर्षाला अमुक गिनी (तेव्हाचं इंग्लिश चलन) भरलं की वर्गणीदाराला काही चिठ्ठ्या मिळत. आजारी माणसानं इस्पितळात जायचं तर आधी अशी चिठ्ठी असलेला कोणीतरी गाठायचा. म्हणजे दान दिलं तरी हातातली सत्ता जात नाही, उलट वाढते. आपल्याकडे आमदाराचं पत्र घेऊन इस्पितळात फिरणारे लोक बघितलेत ना, तसंच.

मग संस्थांचा गोंधळ. एकाच गल्लीत तीन मंडळांचे लोक येणार, कोणी कोळशाची कुपनं देणार, कोणी ब्रेडची, कोणी धर्माची पत्रकं, आणि एकमेकांच्या वहीत काय लिहिलंय हे कोणालाच ठाऊक नाही. ज्याला मागता येतं त्याला तिन्हीकडून, ज्याला लाज वाटते त्याला कुठूनच नाही. १८५५ च्या थंडीत वाऱ्यामुळे जहाजं बंदरात येईनात, गोदीमजुरांचं रोजचं काम बंद पडलं आणि फेब्रुवारीत पावाच्या दुकानांवर दंगे झाले, तेव्हा सगळ्यांना हा गोंधळ उघड्या डोळ्यांनी दिसला होता.

आणि देणारे तरी किती? रेव्हरंड ह्यूम नावाच्या पाद्र्यानं १८५५ मध्येच वर्गणीदारांच्या याद्या एकमेकांशी ताडून बघितल्या होत्या. शहरातल्या सधन लोकांच्या मानानं देणारे थोडेच आणि पुन्हा पुन्हा तीच नावं. एवढ्या अभिमानाचा डोलारा मूठभर घरांवर उभा.

यातलं सगळ्यात टोकदार वाक्य मात्र वेगळं आहे आणि ते थेट बोलणं अवघड होतं. कोर्टातल्या खोल्यांचं भाडं कोणाच्या खिशात जातं? गोदीमजुराला अर्ध्या-एका दिवसाच्या बोलीवर कामाला घ्यायचं आणि जहाज नसेल त्या दिवशी उपाशी ठेवायचं, या पद्धतीत फायदा कोणाचा? म्हणजे ज्या हातानं वर्गणी येते तोच हात आधी काय काढून घेतो हा प्रश्न.

समोरचे पर्याय

त्या खुर्चीत बसलेल्या माणसापुढे काय काय वाटा होत्या त्या मी मांडते. त्यानं बसून अशी यादी केली असेल असं अजिबात नाही, पण या वाटा तेव्हा खरोखर होत्या, कारण प्रत्येकीवर कोणी ना कोणी चालत होतं.

पहिली, मोठ्या पेपरातच राहायचं. मर्क्युरीत त्याला जागा होती, वाचक आयता होता, आणि गंभीर लेखमालेला वजन असतं. पण मोठ्या पेपरात वर्गणीच्या याद्या आणि बझारच्या जाहिरातीही छापल्या जातात, त्याच पानावर त्यांची टर कशी उडवणार.

दुसरी, ह्यूमसारखं आकडे काढायचे. आकडे कोणाला झोंबत नाहीत हा त्यांचा गुण आणि तोच दोष.

तिसरी, आत जाऊन बदलायचं. याचं उदाहरण म्हणजे विल्यम रॅथबोन, शिमिनच्याच वयाचा, १८१९ चाच जन्म, पण खानदानी व्यापारी घरातला. १८५९ मध्ये त्याची बायको आजारपणात गेली, तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या नर्सला त्यानं गरिबांच्या घरी जाऊन सेवा करायला पगार देऊन पाठवलं, तिथून घरोघर जाणाऱ्या नर्सची कल्पना उभी राहिली, १८६२ मध्ये नर्सांची शाळा, आणि काही वर्षांत अख्खं शहर १८ विभागांत वाटून प्रत्येकाला नर्स. छान काम. पण हे करायला आधी रॅथबोन असावं लागतं. बुकबाइंडरला कमिटीत कोण घेतंय? घेतलं तरी चहा झाल्यावर हात वर करण्यापुरतं.

चौथी वाट, स्वतःचं साप्ताहिक काढून टवाळी करायची. धोका कायद्याचा. १८४३ च्या बदनामीच्या कायद्यानं फौजदारी खटल्यात "लिहिलंय ते खरं आहे" एवढं सिद्ध करून भागत नव्हतं, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागे. आणि श्रीमंत माणसाला खटल्याचा खर्च परवडतो, साप्ताहिकाला नाही.

त्यानं काय केलं

त्यानं चौथी धरली, पण पहिली सोडली नाही, आणि माझ्या मते पूर्ण केसमधला सगळ्यात हुशार निर्णय हाच.

'पॉर्क्युपाइन'मध्ये टर. नगरपालिका, व्यापारी, फॅशनेबल दानधर्म, दर आठवड्याला काटे. पण कोर्टांबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा त्यानं ते साळिंदराच्या तोंडून लिहिलं नाही. १८६३ मध्ये ते लेख मर्क्युरीत आले, गल्लीचं नाव, कोर्ट, आत गेल्यावर काय दिसलं, संडासाची अवस्था, अशी सरळ साधी वर्णनं, आणि १८६४ मध्ये त्यांचं 'लिव्हरपूलची कोर्टं आणि गल्ल्या' या अर्थाच्या नावानं पुस्तक झालं, स्वतः पाहणी करून लिहिलंय हे वर ठळक सांगून. टवाळी देणाऱ्यांची, आणि ज्यांची हालत वाईट त्यांच्याबद्दल लिहिताना आवाज खाली. हे भान आजच्या भल्याभल्यांना नसतं, गरिबाचीच गंमत करून मोकळे होतात.

मधल्या काळात बाहेर काय चाललं होतं तेही बघा, कारण इथे आपला धागा येतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस थांबला, लँकशरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो लोक मदतीवर. लिव्हरपूलच्या दलालांचं मात्र तसं नव्हतं, ज्याच्या गोदामात माल होता तो सोन्यावर बसला होता, १८६४ पर्यंत कापसाचा भाव युद्धाआधीच्या चौपटीच्या आसपास गेला. अमेरिकन कापसाची जागा भरायला मुंबईहून खानदेश-वऱ्हाडचा माल जहाजं भरभरून जायला लागला, तिकडे तो सगळा 'सुरत' या एकाच नावानं ओळखला जायचा आणि आखूड धाग्यामुळे विणकर त्याला शिव्या घालायचे. या पैशानं मुंबईत शेअरचा जो धिंगाणा झाला तो आपल्याला शाळेपासून माहीत आहे. प्रेमचंद रायचंदनं विद्यापीठाच्या वाचनालयाला आणि राजाबाई टॉवरला मिळून चार लाख रुपये दिले ते त्याच भरतीतले, १८६४ मधले, आणि १८६५ च्या जुलैत बाजार कोसळला. म्हणजे तिकडे ब्राउनचं वाचनालय, इकडे प्रेमचंदचं, दोन्हीच्या पायात कापूस. शिमिननं विचारलेला प्रश्न फोर्टात उभं राहूनही विचारता येतो एवढंच सांगायचंय, उत्तर देणं अवघड आहे.

आणि फॅशनेबल दानाचा कळस बघायचा तर ऑक्टोबर १८६४. सेंट जॉर्ज हॉलमध्ये भव्य बझार भरला, कशासाठी, तर अमेरिकेत उत्तरेच्या कैदेत असलेल्या दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखायला लढणाऱ्या बाजूच्या, सैनिकांच्या मदतीसाठी. दक्षिणेच्या राज्यांच्या नावाचे स्टॉल, व्यापाऱ्यांच्या बायका विक्रीला, जमले वीस हजार पौंडांच्या आसपास. अमेरिकन सरकारनं तो पैसा वाटू द्यायला चक्क नकार दिला. तो हॉल सोडून पंधरा-वीस मिनिटं चाललं तर कोर्टं लागायची.

निर्णयाचे टप्पे, जरा थांबून

पहिला टप्पा सांगून झाला, दोन ठिकाणी दोन सूर. फायदा स्पष्ट आहे. तोटा असा की वाचकाला दोन्ही एकत्र दिसत नाहीत. बझारची टर वाचून हसणारा आणि कोर्टाचं वर्णन वाचून हळहळणारा, हे दोघे एकच असले तरी "हे त्याच्यामुळे आहे" ही रेघ त्यालाच ओढावी लागते. बहुतेक जण ओढत नाहीत.

दुसरा टप्पा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दानावर टीका करताना तुम्ही देणाऱ्यावर बोट ठेवता की दानाच्या पद्धतीवर? शिमिननं दोन्हीवर ठेवलं. देणारा ढोंगी आहे, आणि शिवाय दान आंधळं आहे, विचारपूस न करता दिलेलं आहे, त्यानं माणूस मिंधा होतो, गुत्त्यात पैसा जातो. दारूबंदीवाल्या माणसाकडून हे दुसरं म्हणणं येणारच होतं, तो त्याच्या मनापासूनचा विश्वास होता. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, सत्पात्री दान. ऐकायला फार गोड. पण शब्द नीट बघा, तपासायचं कोणाला, तर पात्राला. दात्याचं काही तपासायची सोयच त्या शब्दात नाही.

आणि झालं नेमकं तेच. देणाऱ्यांनी या दोन काट्यांपैकी स्वतःला टोचणारा काढून बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला. "बरोबर आहे, आंधळं दान वाईट, तेव्हा आता नीट चौकशी करून देऊ."

तिसरा टप्पा, पर्याय काय सुचवायचा. देणाऱ्यांनी स्वतः गल्लीत जावं, माणसं ओळखावीत, हा त्याचा आग्रह होता आणि तो रास्तच. जाणारे गेलेही. अॅग्नेस जोन्स १८६५ मध्ये ब्राउनलो हिलच्या अवाढव्य वर्कहाऊसच्या (निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणारी सरकारी जागा) इस्पितळात नर्सिंग सुधारायला आली आणि १८६८ मध्ये तिथेच टायफसनं गेली, वय जेमतेम पस्तिशीचं. जोसेफाइन बटलर १८६६ मध्ये या शहरात आली आणि त्याच वर्कहाऊसमध्ये जुने दोरखंड पिंजणाऱ्या बायकांच्या शेजारी जमिनीवर बसून स्वतः पिंजायला लागली. पण अशी माणसं किती. अख्ख्या शहराची व्यवस्था चार संतांच्या भरवशावर चालत नसते.

निकाल

१८६३ मध्ये रॅथबोन मंडळींच्या पुढाकारानं डिस्ट्रिक्ट प्रॉव्हिडंट, स्ट्रेंजर्स फ्रेंड आणि चॅरिटेबल या तीन संस्था एकत्र करून सेंट्रल रिलीफ सोसायटी निघाली. एक ऑफिस, एक वही, अर्जदाराच्या घरी जाऊन चौकशी. लंडनमध्ये याच धर्तीची मोठी संस्था निघायला १८६९ उजाडलं, म्हणजे लिव्हरपूल सहा वर्षं पुढे. १८७० च्या दशकात अनेक संस्थांसाठी मिळून एकच वर्गणी गोळा करायचा प्रयोगही इथे झाला, अमेरिकेत १८८७ मध्ये डेन्व्हरला जे सुरू झालं आणि पुढे 'युनायटेड वे' म्हणून वाढलं त्याची चुलती म्हणून लोक याच्याकडे बोट दाखवतात.

गोंधळ कमी झाला हे खरं. श्रेय एकट्या शिमिनचं नाही, ह्यूमचे आकडे होते, १८५५ चा अनुभव होता, रॅथबोनचं वजन होतं. पण हवा तयार करणाऱ्यांत तो होता. आणि हिशेब केला तर चौकशी कोणाची वाढली? कोळशाचं कुपन मागणाऱ्या बाईची. नवरा पितो का, घरात विकण्यासारखं काही आहे का, शेजारी काय म्हणतात. वर्गणीदाराची चौकशी शून्य, त्याचं नाव पूर्वीसारखंच यादीत छापून. काटे मारले वरच्याला, टोचले खालच्याला.

कोर्टांच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं. १८६४ मध्येच लिव्हरपूलसाठी आरोग्याचा सुधारित कायदा झाला आणि राहायला नालायक घरं पाडायचा अधिकार शहराला मिळाला. १८६९ मध्ये सेंट मार्टिन्स कॉटेजेस, इंग्लंडमध्ये नगरपालिकेनं बांधलेली पहिली भाड्याची घरं. हे दान नव्हतं, करातून आलेला पैसा होता. लेखमाला, पुस्तक आणि कायदा एकापाठोपाठ आले, त्यामुळे गंभीर सुरातल्या लिखाणानं काम केलं आणि टवाळीनं करमणूक असं म्हणायचा मोह होतो. मी पूर्ण तसं म्हणणार नाही, टवाळीनंच तर त्याचं नाव झालं होतं आणि नाव असलेल्या माणसाचे लेख लोक वाचतात.

शिमिन गेल्यावरही 'पॉर्क्युपाइन' १९१५ पर्यंत चाललं.

वेगळं काय करता आलं असतं

हे आजच्या खुर्चीत बसून लिहितेय, तेव्हा जरा नमतं घेऊन वाचा.

एक तर दारू. शिमिनला गुत्ता आधी दिसायचा, गोदीच्या दारातली सकाळची भरती नंतर. रोजच्या रोज काम मिळेल की नाही याची खात्री नसलेला माणूस पैसे साठवत का नाही हा प्रश्नच जरा विनोदी आहे. त्याच्यासारख्या स्वतः जाऊन बघणाऱ्या माणसानं आठवडाभर भरतीच्या जागी उभं राहून कोणाला किती दिवस काम लागलं एवढं जरी मोजून छापलं असतं तरी दानाची सगळी चर्चाच हलली असती. लिव्हरपूलच्या गोदीत मजुरांची नीट नोंदणी करायची योजना आली १९१२ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर तेहेतीस वर्षांनी.

दुसरं, त्याच्या लिखाणात गरीब माणूस दिसतो पण तो कोणाला काही विचारत नाही. दाता बोलतो, टीकाकार बोलतो, चौकशीवाला बोलतो. वर्गणीच्या यादीबद्दल कोर्टातल्या बाईचं मत काय हे छापायला बदनामीचा कायदा आडवा येत नव्हता.

तिसऱ्या मुद्द्यावर आमच्या गटात भांडण झालं. माझं म्हणणं, त्यानं आंधळ्या दानाचा मुद्दा सोडून द्यायला हवा होता. एक सहकारी म्हणाले, ताई, मग तीन-तीन मंडळांची कुपनं तशीच वाटत राहायची का, आपण तरी बिना चौकशीचं देतो का? नाही देत. आमच्याकडेही घरभेटीचा फॉर्म आहे, दोन पानी, त्यात व्यसन आहे का असा रकाना आहे. तो रकाना मीच घातलाय, चार वर्षांपूर्वी, एका देणगीदार कंपनीनं मागितला म्हणून. त्या कंपनीला आम्ही काय विचारलं होतं? बॅनरवर लोगो केवढा पाहिजे.

मग माझं म्हणणं मी जरा बदललं. चौकशी करायचीच असेल तर यादी दोन्ही बाजूंनी भरा. १८६० च्या लिव्हरपूलमध्ये वर्गणीदारांची नावं छापील होती, कोर्टांची नावं आणि ठिकाणं शिमिननं स्वतः फिरून गोळा केली होती, मधला एकच रकाना रिकामा होता, घरमालक कोण. कायद्याचा धोका होता, मान्य. पण तो रकाना रिकामा राहिल्याचा परिणाम पुढे दिसला. १८६४ च्या कायद्याखाली सडकी कोर्टं पाडायला सुरुवात झाली तेव्हा मालकांना त्याची नुकसानभरपाई मिळत होती, नगरपालिकेकडून, करदात्यांच्या पैशातून.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं आपापल्या संस्थेचा चौकशी फॉर्म आणि गेल्या वर्षीची देणगीदारांची यादी, दोन्ही घेऊन यावं. झेरॉक्स चालेल.